खारीच्या नावावर

आमच्या कामाला मराठीत नाव नाही. कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, लोकांच्या घरातले कुत्र्या-मांजरांच्या शूचे डाग आणि वास काढते. ऐकणारा आधी हसतो, मग नाक मुरडतो, आणि थोड्या वेळानं बाजूला घेऊन हळूच विचारतो, "आमच्या गादीचं काही होईल का हो?" आता गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून सोफे-गाद्या धुवायचं मशीन विकून घरी बसले. फोन मात्र अजून येतात.

मी नेरुळजवळच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकायची. शाळेत शेजारच्या मुली बाकावर थोडं सरकून बसायच्या. घरी येऊन रडले की आई म्हणायची, "आपल्या हाताला वास येतो म्हनून आपन जेवतो. जेव आता." त्यामुळे वासाची किळस मला कधी वाटली नाही. पण वासाची लाज काय असते ते लहानपणीच कळलं, आणि पुढं या धंद्यात तेच जास्त उपयोगी पडलं. गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा ते लाजेनं अर्धमेलं झालेलं असतं. दार उघडल्या उघडल्या सांगायला लागतं, आमचं घर असं नसतं हो, आम्ही खूप स्वच्छ आहोत. मी चप्पल काढेपर्यंत त्यांचं निम्मं सांगून झालेलं असतं. मी म्हणते, आधी मला जागा दाखवा.

जागा सापडणं हेच अर्धं काम. खोलीत अंधार करायचा आणि एक जांभळ्या उजेडाचा टॉर्च फिरवायचा. जिथं शू मुरलेली असते तिथं पिवळट-हिरवी चमक दिसते. साध्या डोळ्यांना लख्ख दिसणारा सोफा त्या उजेडात नकाशासारखा दिसतो, आणि घरमालकीण तोंडाला पदर लावते. मग तिथं एन्झाइमचं पाणी सोडायचं. हे काय असतं ते मी बायकांना सांगते, विरजणासारखं समजा. घाई केली तर दही लागत नाही, तसंच हे. ओलं ठेवायचं, झाकून ठेवायचं, आणि त्याला आतली घाण खाऊ द्यायची. लोकांना धीर नसतो. ते आधीच फिनाइल ओतून बसलेले असतात, आणि त्या उग्र वासानं कुत्र्याला वाटतं की इथं दुसरं कुणीतरी येऊन गेलं. मग ते पुन्हा तिथंच करतं.

गमतीही झाल्या. सानपाड्याला भाड्याच्या घरात एक नवं जोडपं राहायला आलं होतं. बायकोला वास यायचा, नवऱ्याला यायचा नाही. यावरून इतकं बिनसलं होतं की मी गेले तेव्हा दोघं माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही. घरात प्राणी एकही नाही. वास यायचा तोही फक्त हवा ओलसर झाली की. शेवटी बेडरूमच्या जमिनीवरची लाकडी पट्टी उचलली, तर खाली आधीच्या भाडेकरूच्या मांजरीनं केलेला सगळा साठा वाळून बसला होता. हवेत दमटपणा आला की तो जागा व्हायचा. बायको आनंदानं रडायलाच लागली. नवरा वाकून हुंगून म्हणाला, "मला तर अजून काहीच येत नाही." मी तिला म्हटलं, बघ बाई, याला कोळीवाड्यात नेऊन ठेव थोडे दिवस.

अशी घरं पुष्कळ. पण डोक्यातून जात नाही ते सीवूड्सचं जाधवांचं घर.

मनीषा जाधवचा फोन आला होता. बेलापूरला ऑफिसात नोकरी करणारी, चाळिशीची बाई. म्हणाली, आमची कुत्री म्हातारी झालीय, सोफ्यावर करते. मी सामान घेऊन गेले. घरात तिघं होती. मनीषा, तिचा नवरा प्रशांत, आणि सासरे. सासऱ्यांना घरात अप्पा म्हणायचे, मी काका म्हणायचे. काका तुर्भ्याकडच्या एका केमिकल कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, मूळचे महाडकडचे. घरातही इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. हॉलमध्ये शोकेसवर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी काकूंचा फोटो. काकू जाऊन फार दिवस झाले नव्हते.

काकांची जागा खिडकीशी होती, सोफ्याच्या त्या टोकाला. तिथून खाडी आणि कांदळवन दिसायचं. थंडीत फ्लेमिंगो उतरले की सकाळभर ते तिथंच बसायचे, आणि पायाशी खारी. खारी म्हणजे ती कुत्री. काकूंना ती पिल्लू असताना एका बेकरीबाहेर सापडली होती म्हणून हे नाव. रंगही तसाच होता, खरपूस भाजल्यासारखा. आता तिचं तोंड पांढरं झालेलं आणि मागचे पाय अधू.

मी सोफा बघितला. डाग खिडकीकडच्या सीटवर, बरोबर मधोमध. मग खारीकडं बघितलं. ती उठून मला हुंगायला आली. उठताना तिचे मागचे पाय घसरत होते. ज्या कुत्रीला जमिनीवरून उठायला इतका त्रास होतो ती सोफ्यावर चढणार कशी? आणि प्राणी करतो तो कोपऱ्यात, पायपुसण्यावर, सोफ्याच्या पायाशी. बसायच्या जागेच्या मध्यभागी करतं ते बसलेलं माणूस.

मी मनीषाकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही. म्हणाली, "खारीच करते, ताई."

मी म्हटलं, "हो. वय झालं की होतं."

एवढ्यावर आमचं ठरून गेलं. मी पडदे ओढून टॉर्च लावला तेव्हा काका आतून आले आणि मागं उभे राहिले. मशीनवर काम केलेला माणूस, त्यांना टॉर्चचं कुतूहल वाटलं असेल असं मला आधी वाटलं. सीटवरची चमक त्यांनी बराच वेळ बघितली. मग विचारलं, "हे सगळं धुऊन निघतं?"

"निघतं काका. आत फोममध्ये मुरलेलं असतं, वेळ लागतो."

"बाहेरच्या माणसाला कळत नाही ना मग?"

"नाही कळत."

ते मान हलवून खिडकीकडं गेले. खारी त्यांच्या मागं मागं गेली.

त्यानंतर मी त्या घरी नेमानं जायला लागले. मनीषा बोलवायची ती बहुतेक प्रशांत घरी नसताना. प्रशांत उरणकडं बंदरात शिफ्टमध्ये काम करायचा. वाईट माणूस नव्हता. दमून यायचा, आणि आल्या आल्या वास आला की त्याचं डोकं फिरायचं. एकदा मी काम करत असतानाच तो आला. पेपरची गुंडाळी करून त्यानं खारीच्या नाकासमोर आपटली आणि सोफ्याकडं बोट दाखवून तिला ओरडला. ती डायनिंग टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथून आमच्याकडं बघत राहिली. तिला काय कळणार. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेची शीर ताठलेली मला दिसत होती. प्रशांत आंघोळीला गेल्यावर त्यांनी तिला हाक मारली, आपलं बिस्कीट मोडून अर्ध्याहून जास्त तिला दिलं आणि तिच्या कानामागं कितीतरी वेळ खाजवत राहिले.

त्या दिवशी मनीषा मला सोडायला खाली पार्किंगपर्यंत आली. मी स्कूटरला सामान बांधत होते. तिनं आपणहून सांगितलं. काकू गेल्यानंतर काही दिवसांनी भेटायला लोक आले होते, हॉल भरलेला होता. अप्पा कुणाला तरी निरोप द्यायला उठले आणि सीटवर ओल दिसली. त्यांनी मागं वळून पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की तिला बघवेना. ती पटकन बोलून गेली, "खारीनं परत केलं वाटतं." कुणीतरी हसलं, कुत्री पाळली की हे आलंच म्हणालं, आणि विषय संपला. अप्पा काही बोलले नाहीत. ती पण त्यांच्याशी यावर कधी बोलली नाही. सोफ्याच्या कव्हरखाली तिनं प्लास्टिकचं शीट घातलं, त्यांच्या कपाटात औषधाच्या दुकानातून आणलेली डायपरची पाकिटं ठेवली. ती तशीच राहिली. डॉक्टरचा विषय काढला की ते म्हणायचे, मला काय झालंय?

"प्रशांतला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"अप्पांना कळलं तर की प्रशांतला कळलंय, ते त्याच्यासमोर बसणार नाहीत, ताई. प्रशांत म्हणजे त्यांचा अभिमान आहे." आणि मग म्हणाली, "खारीला दोन शब्द ऐकावे लागतात. तिला त्याचं काही वाटत नाही, असं मी धरून चाललेय."

सासऱ्याची लाज झाकायला सून इतकी धडपडते, हे मी फार घरांत पाहिलेलं नाही. मी स्कूटर चालू केली. आपलं काम डाग काढायचं, तो कुणाचा ते सांगायचं नाही, असं मी मनाशी म्हटलं.

पुढं प्रशांतनं नवा सोफा घेतला. फिकट रंगाचा. घेताना मनीषानं गडद रंगाचा आग्रह धरला होता, पण त्याला तोच आवडला. थोड्याच दिवसांत एका रविवारी सकाळी मला फोन आला, आणि या वेळी फोनवर प्रशांत होता. आवाज थंड होता. म्हणाला, ताई, शेवटचं एकदा येऊन साफ करून जा, यापुढं बोलवायची वेळ येणार नाही.

मी पोचले तेव्हा घरात वाद चालू होता. प्रशांतच्या ओळखीच्या एका माणसाचं नावड्याला गोडाऊन होतं. तिथं मागं मोकळं अंगण आहे, दोन-तीन कुत्री आहेत, वॉचमन खायला घालतो. खारीला तिकडं सोडून यायचं त्यानं ठरवलं होतं. गाडीत जुनी चादर अंथरून झाली होती. मनीषा सांगत होती, थांब, आधी हिला डॉक्टरला दाखवू, या वयात नवीन जागी ती जगायची नाही. तो म्हणाला, किती दिवस दाखवणार, घरात माणसं येईनाशी झालीत. ती त्याला आत चल म्हणून खुणावत होती, पण तो ऐकण्याच्या पलीकडं गेला होता. काका आपल्या जागेवर नव्हते, डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर बसले होते. मी सोफ्याशी गुडघे टेकून बाटल्या काढत होते आणि मान वर करत नव्हते.

प्रशांतनं खुंटीवरचा पट्टा काढला. पट्टा दिसल्यावर खारीला वाटलं फिरायला जायचंय. ती शेपटी हलवत, घसरत घसरत दाराशी जाऊन उभी राहिली. त्यानं पट्ट्याचा हूक तिच्या गळ्यात अडकवला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका उभे होते.

"प्रशांत, पट्टा काढ."

"अप्पा, तुम्ही मध्ये पडू नका. मी चौकशी केलीय, चांगली जागा आहे."

"ती नाही करत. मी करतो."

प्रशांतला ते खरं वाटलं नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अप्पा, तिला पाठीशी घालायला काहीही बोलू नका. मला माहितीय तुमचा जीव आहे तिच्यावर."

तेव्हा काका माझ्याकडं वळले. आजवर त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं होतं, माझ्या मुलांबद्दल विचारलं होतं, पण असं सरळ डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा याला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

मी मनीषाकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. नाही म्हटलं असतं तर खारी नावड्याला गेली असती, आणि काका खोटे पडले असते. हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. पण त्यांनी विचारलं होतं, सगळ्यांसमोर, ताठ उभं राहून.

मी म्हटलं, "काका खरं सांगतात."

प्रशांत खारीजवळ खाली बसला. त्यानं हूक काढला. पट्टा निघाला तरी खारी दाराशीच उभी राहिली, फिरायला जायचं राहिलं म्हणून. तो उठला, बापाकडं न बघता आत गेला आणि खोलीचं दार लावून घेतलं. काका पुन्हा खुर्चीवर बसले. मनीषानं त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. मी मशीन चालू केलं. त्या मशीनचा आवाज फार मोठा आहे, त्याबद्दल सोसायटीच्या तक्रारी यायच्या. त्या दिवशी तो आवाज होता म्हणून बरं झालं.

नंतर सगळं रीतसर झालं. प्रशांतनं वडिलांना चांगल्या डॉक्टरकडं नेलं. प्रोस्टेटचा त्रास निघाला, गोळ्या सुरू झाल्या. रात्रीसाठी, बाहेर जाण्यासाठी काय काय लागतं ते सगळं तो स्वतः आणायचा. त्यानं कधी एका शब्दानं टोचलं नाही, असं मनीषा सांगायची. त्या विषयावर तो बोललाच नाही. गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवून निघून जायचा.

माझं जाणं कमी झालं. कधी गाद्यांच्या धुलाईला गेले तर काका हॉलमध्ये दिसायचे नाहीत. ते आतल्या खोलीत पलंगावर बसलेले असायचे आणि खारी पलंगाखाली. बेल वाजली की ते दार लोटून घ्यायचे. संध्याकाळी खाली बागेत त्यांचा गप्पांचा कट्टा होता, तिथं जाणं सोडलं. थंडीत फ्लेमिंगो आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, चला की खिडकीत, पक्षी आलेत." ते म्हणाले, "तुम्ही बघा ताई. मी पुष्कळ पाहिलेत."

निघताना मनीषा दाराशी हळूच म्हणाली, "खारीचं नाव पुढं होतं तोवर ते माणसांत बसत होते."

उन्हाळ्याच्या आधी काका गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं आणि तिथून आले नाहीत. मला दोन-तीन दिवसांनी कळलं. मी भेटायला गेले तेव्हा खारी रिकाम्या पलंगाखाली होती. खात नाही, मनीषा म्हणाली. बाहेरच्या कुणाचा पाय वाजला की तोंड बाहेर काढायची आणि बघून परत आत घ्यायची.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मनीषाचा फोन आला. महाडहून, मुंबईहून नातेवाईक येणार होते, वंदनेला भन्तेजी येणार होते, हॉलमध्ये सतरंजी घालायची होती. ती म्हणाली, "ताई, खारीनं केलंय." आणि मग बोलता बोलता थांबली. इतकी वर्षं ती मला फोनवर हेच वाक्य सांगत आली होती. आज ते पहिल्यांदा खरं होतं.

मी गेले. काकांच्या खोलीत, पलंगापासून दारापर्यंत आली असावी ती. उंबऱ्याजवळ छोट्या गालिच्यावर ओल होती, अजून ताजी. खारी तिथंच भिंतीला अंग लावून उभी होती, मान खाली घालून. पेपरची गुंडाळी आता कुठून येते याची वाट बघत असल्यासारखी.

मी पिशवी उघडून फडकी काढत होते, इतक्यात प्रशांत आला. डोक्याचे केस वाढलेले, दाढी केलेली नव्हती. त्यानं माझ्या हातातलं फडकं घेतलं. मी म्हटलं, राहू दे, हे माझं काम आहे. तो म्हणाला, "कसं करायचं तेवढं सांगा."

मी सांगितलं. ओलं असताना घासायचं नाही, घासलं तर ते धाग्यात खोल जातं. कोरडं फडकं ठेवायचं, वरून तळहातानं दाबायचं आणि तसंच धरून थांबायचं. ते आपोआप वर येतं.

तो गुडघ्यांवर बसला आणि फडकं दाबून धरलं. खारी हळूहळू जवळ आली आणि त्याच्या दंडाला नाक लावून उभी राहिली. त्यानं दुसऱ्या हातानं तिचं डोकं कुरवाळलं.

"असू दे," तो तिला म्हणाला. "असू दे गं."

फडकं भिजून ओल त्याच्या बोटांपर्यंत आली होती, तरी त्यानं हात उचलला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "अप्पांना एवढं म्हणायचं राहून गेलं, ताई."

मी दुसरं कोरडं फडकं त्याच्यापुढं धरलं.